संगणक आणि बालसखी

वर्गात संगणक आला की शिक्षण आपोआप सुधारते, ही समजूत आपल्या राज्यकर्त्यांत गेली चाळीस वर्षे मुरलेली आहे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक नेऊन ठेवले. पुढे यंत्रे बदलली, योजनांची नावे बदलली. आधी खरेदी आणि मग अध्यापनाचा विचार, हा क्रम मात्र अबाधित राहिला.

बडोद्याचे उदाहरण या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. गुजरात सरकारने २००० साली तेथील १०० महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यांचा वापर अगदी थोड्या शाळांत होत असल्याचे आढळले. मग संस्थेने संगणक शिकवणारी माणसे नेमली आणि चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका यंत्रापुढे दोघे अशा रीतीने, गणिताचे खेळ दिले. मुलाची तयारी वाढेल तसे पुढचे उदाहरण कठीण होई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे मोजमाप करून २००७ साली ते प्रसिद्ध केले. गणितात मुलांची प्रगती ठळक होती. यंत्रे तीच, शाळाही त्याच. भर पडली होती ती माणसांची आणि नेमक्या योजनेची. संगणकाला सरसकट विरोध करणाऱ्यांनी हे मान्य केलेच पाहिजे. मात्र प्रयोग थांबल्यावर वर्षभराने त्या प्रगतीचा बराचसा भाग ओसरला होता, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

याच अभ्यासात बडोद्याच्या आणि मुंबईच्या महापालिका शाळांतील बालसखीचाही विचार झाला. वस्तीतलीच शिकलेली तरुणी, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, आणि मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास मूलभूत वाचन व अंकगणित, एवढाच तिचा पसारा. गणितातला तिचा परिणाम संगणकाहून कमी भरला. पण दर मुलामागे वार्षिक खर्च बालसखीचा सुमारे १०७ रुपये, तर संगणकाचा सुमारे ७२२ रुपये होता!

या आकड्यांवरून बालसखीचा जयजयकार करणारे अर्थतज्ज्ञ एका गोष्टीवरून हलकेच पुढे जातात. तिला महिन्याकाठी मिळत होते ५०० ते ७५० रुपये. स्वस्ताई होती ती तिच्या श्रमाच्या मोलाची. यंत्राची किंमत निविदेत ठरते, तिच्यावर कोणी घासाघीस करत नाही. काटकसर सुचते ती शिकवणाऱ्या बाईच्या मानधनात. वास्तविक तिचे मानधन तिप्पट केले असते, तरी दर मुलामागचा खर्च संगणकाच्या निम्म्याहून खाली राहिला असता.

शिक्षण हक्क कायदा २००९ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे कामही याच समितीकडे सोपवले आहे. अनेक कार्यकर्ते अशा समित्यांवर आहेत. ‘डिजिटल वर्गा’चा प्रस्ताव सहीसाठी पुढे येईल, तेव्हा त्या यंत्रापाशी मुलांसोबत कोण बसणार, तिला पगार किती आणि तो कोणत्या तरतुदीतून मिळणार, याची लेखी नोंद आराखड्यात आहे की नाही, हे त्यांनी सही करण्यापूर्वी पाहावे.