घरगुती शास्त्र : आराशींतील चक्र

गेल्या भाद्रपदांत घरच्या गणपतीमागें नातवानें एक फिरतें चक्र बसविलें होतें. खेळण्यांतील तीन व्होल्टची इवलीशी मोटर, आणि तिला दोन पेन्सिल सेल. सायंकाळच्या आरतीपर्यंत चक्र मंदावलें. "आजोबा, जाडे सेल लावूं का?" असें त्यानें विचारलें. "त्यांत विद्युत् फार, मोटर जळेल," असें मीं शिक्षकी थाटांत बजावलें, व आकारानें लहान अशी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणवून दिली. चक्र प्रथम गरगर फिरलें; मग दूर्वांच्या हाराचा दोरा आंसांत गुंतून अडलें, आणि मखरामागून जळकट वास सुटला. सूनबाईंनीं प्रसंगावधान राखून तार ओढली, म्हणून कापसाचीं वस्त्रें वांचलीं.

चूक सर्वस्वी माझी. पण ती पुष्कळांची असते, म्हणून येथें मांडितों.

चांगल्या पेन्सिल सेलाची धारणा सुमारें २००० मिलिअँपियर-तास. हा आंकडा सांठ्याचा आहे, जोराचा नव्हे. दोन रांजणांतील पाण्याची उंची सारखी असेल, तर रुंद रांजणाची धार अधिक जोराची नसते. ती अधिक वेळ टिकते, इतकेंच. ही उंची म्हणजे व्होल्ट. ४०० मिलिअँपियर घेणारी मोटर हिशेबानें पांच तास चालावी. प्रत्यक्षांत कमीच चालते, आणि सेलाचा दाब दीडावरून एकाकडे उतरूं लागला कीं गतिहि मंदावते.

प्रवाह किती ओढावयाचा, हें मुख्यतः मोटरीवर अवलंबून. फिरतांना ती स्वतःच उलट दाब उत्पन्न करिते, त्यामुळें प्रवाह आटोक्यांत राहतो. आंस अडला कीं तो उलट दाब शून्य. उरतो केवळ वेटोळ्याचा रोध. तो दीड ओहम धरल्यास तीन व्होल्टला दोन अँपियर! नवाला सहा व्हावयाचे, पण त्या बॅटरींत सहा चिमुकले सेल एकापुढें एक जोडलेले. त्यांचा अंतर्गत रोध आड येतो. म्हणूनच मोटरीबरोबर तीहि तापली. शिवाय तिचा सांठा अवघा ५०० मिलिअँपियर-तासांच्या आसपास.

दुसऱ्या दिवशीं नव्या मोटरीस नातवाच्या म्हणण्याप्रमाणें टॉर्चचे दोन जाडे सेल लावले. दाब तोच, सांठा कैक पट. आरतीपुरतें चालवीत गेल्यानें विसर्जनापर्यंत चक्र फिरलें. नातू मला कांहीं बोलला नाहीं. आरतीनंतर तें बंद करण्याचें काम मात्र त्यानें माझ्याकडे सोंपविलें.