गोचिडांवर मात्रा चालेना

पावसाची झड ओसरून ऊन पडू लागले की रेवदंड्याच्या पट्ट्यातल्या दमट, उबदार हवेत गोचिडांना चांगलेच फावते. गाईच्या कानात, कासेवर, शेपटीच्या मुळाशी रक्त पिऊन टम्म फुगलेले गोचीड दिसले की शेतकरी दुकानातून बाटली आणतो, फवारतो. दोन दिवसांनी पाहावे तर गोचीड जागच्या जागी. औषधात भेसळ आहे, असे तो म्हणतो. कधी ती असेलही. पण पुष्कळदा औषध चोख असते आणि बदललेला असतो तो गोचीड.

हा बदल कसा होतो, हे समजून घेतले पाहिजे. गोचीड औषधाला सरावत नाही. हजारोंमध्ये एखाददुसरा जन्मतःच वेगळा असतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधे मज्जातंतूंतल्या ज्या जागी बसून गोचिडाला लुळे करतात, ती जागाच त्याच्यात किंचित निराळी असते. किंवा त्याच्या शरीरातली विकरे विषाचे झटपट तुकडे करतात. फवारणीत बाकीचे मरतात, हा उरतो. जनावरावरचा त्याचा मुक्काम जेमतेम तीन आठवड्यांचा. मग मादी जमिनीवर पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. उबदार हवेत वर्षाला तीन-चार पिढ्या सहज होतात. प्रत्येक फवारणी अशा वाचलेल्यांचेच वाण निवडून पुढे पाठवते.

ही निवड आपल्या सवयींमुळे वेगाने होते. मोठ्या गाईचे अंग पुरते भिजायला बादलीभर द्रावण लागते. काम तांब्याभरात उरकले जाते. काटकसर म्हणून औषध पातळ केले जाते. फवारल्यावर तासाभरात सर आली, तर उरलेसुरलेही धुऊन जाते. अशा अर्धवट मात्रेतून थोडाफार प्रतिकार असलेले गोचीडही तरतात. एक बाटली चालली नाही म्हणून दुसऱ्या नावाची आणावी, तर तीही बहुधा त्याच कुळातली. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन ही एकाच गटाची औषधे. नाव बदलून काही साधत नाही. अमित्राझचा घाव वेगळ्या जागी बसतो, पण तेही बेसुमार वापरले तर निकामी होते. पिकावरचे कीटकनाशक गुरांच्या अंगावर ओतणे हा तर जनावराच्या आणि माणसाच्याही जिवाशी खेळ आहे.

ऑस्ट्रेलियाने ही वाट आधी तुडवली आहे. तिथे गुरे आर्सेनिकच्या हौदातून पोहवून काढत. 1930 च्या दशकात गोचीड त्याला दाद देईनासे झाले. मग डीडीटी आले, नंतर सेंद्रिय फॉस्फरसची औषधे, मग डेल्टामेथ्रिनचे कूळ. एकेक करून सगळ्यांची तीच गत झाली. आपल्याकडे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अनेक राज्यांतल्या गोचिडांमध्ये डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनविरुद्धचा प्रतिकार नोंदवला आहे. कोकण त्यातून सुटेल, असे मानायला आधार नाही.

नुकसान केवळ रक्ताचे नाही. लाल लघवीचा बबेसिओसिस आणि थायलेरिओसिस हे गोचिडांमार्फत पसरणारे आजार दुभती गाय काही दिवसांत आडवी करतात. संकरित जर्सी किंवा होल्स्टीनवर गोचीड अधिक चढतात. कोकण कपिला दूध कमी देते, पण या हवेत आणि या किडीत ती टिकते. गाय निवडताना हा हिशेबही मांडायला हवा.

एक गोष्ट वरवर उलटी वाटेल: सगळ्या गुरांवर, सारख्या फवारण्या करू नयेत. कोणत्याही वेळी बहुतेक गोचीड जनावरावर नसतात. अंडी आणि पिल्लांच्या रूपात ते गवतात, गोठ्याच्या भेगांत असतात. औषध न लागलेले हे गोचीड औषधाला बळी पडणारा वंश जिवंत ठेवतात. म्हणून जास्त लागण झालेलीच जनावरे निवडावीत, पण त्यांना पूर्ण मात्रा द्यावी. भेगा बुजवाव्यात, शेण आणि कुजका पेंढा हलवावा. उरलेले द्रावण गटारात तर मुळीच ओतू नये. ही औषधे मासे आणि कोळंबीला अत्यंत घातक आहेत, आणि इथले पाणी शेवटी कुंडलिकेच्या खाडीत उतरते. त्या खाडीवर कोळ्यांची चूल पेटते.

सगळा भार शेतकऱ्यावर टाकून मात्र चालणार नाही. कोणते औषध लागू पडते, हे त्याने अंदाजाने का ठरवावे? औषध लावलेल्या कागदाच्या पुडीत गोचिडांची पिल्ले चोवीस तास ठेवायची आणि किती मेली ते मोजायचे, एवढी ही चाचणी साधी आहे. अंडी घालून पिल्ले निघेपर्यंत काही आठवडे जातात, म्हणून ती आजार उद्भवल्यावर नव्हे, आधी करायची असते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून काही तासांवर आहे. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने उन्हाळ्यातच अलिबाग, मुरूड आणि रोहा तालुक्यांतले गोचीड गोळा करून तिथे धाडावेत, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी, आणि यंदा कोणत्या गटाचे औषध वापरायचे व कोणते थांबवायचे, हे पहिल्या पावसाआधी प्रत्येक दवाखान्याच्या आणि औषध दुकानाच्या दारावर मराठीत लावावे.