हौशी लेखणी, पगारी लेखणी

नाटकात हौशी आणि धंदेवाईक अशी दोन घरे आपण मानतो आणि हौशी नटाला कुणी हिणवत नाही. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री तालमीला उभा राहतो म्हणून त्याचे कौतुकच होते. बातमीच्या बाबतीत मात्र आपले माप निराळे! डोंबिवलीचे रस्ते, नाले आणि लोकलगाड्या यांवर मी गेली कित्येक वर्षे फुकट लिहीत आलो आहे. भेटेल तो विचारतो, "कुठल्या पेपरात असता?" कुठल्याच नाही म्हटले, की पासाशिवाय पहिल्या वर्गात चढलेल्या माणसाकडे पाहावे तसा तो माझ्याकडे पाहतो.

वास्तविक मराठी वृत्तपत्रे नुकती उभी राहत होती तेव्हा अशा मंडळींचा आधार लहान नव्हता. १८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते.

पण जुन्या पुण्याईवर किती दिवस काढायचे? जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. चहूकडे पाणी, वार्ताहर तिथे पोहोचणार कसा? डब्यातल्या उतारूंनीच मोबाईलवरून चित्रे धाडली. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाल्याचा गाजावाजा झाला आणि मुख्यमंत्री पाहणी करून गेले. रोज त्यावरून चालणाऱ्यांच्या चपलांना ती बातमी आधीच कळली होती.

इथवर हौशी गडी पुढे. खरा कस लागतो तो स्फोटाच्या वेळी. २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी या वसाहतीत कारखाना उडाला. दोन्ही वेळा आवाज मीही ऐकला, फुटलेल्या काचा मीही पाहिल्या. पण माणसे किती गेली? मोबाईलवर तासाभरात हवे तितके आकडे फिरतात. खरा आकडा मिळवायचा तर इस्पितळाच्या दारात ताटकळावे लागते, अधिकाऱ्याला गाठावे लागते, मालकाचे म्हणणे ऐकावे लागते. हे पगारी बातमीदार करतो. शिवाय त्याच्या डोक्यावर उपसंपादक बसलेला असतो. माझा संपादक मीच, आणि स्वतःच्या लाडक्या वाक्यावर काट मारण्याइतका निर्दय माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण आठ दिवसांनी तो बातमीदार दुसऱ्या बातमीमागे जातो. आम्ही इथेच राहतो. चौकशीचा अहवाल काय म्हणाला, धोक्याचे कारखाने हलवण्याच्या घोषणेचे पुढे काय झाले, हे विचारायला वर्षभराची सवड आणि कारखान्यापासून हाकेच्या अंतरावरचे घर लागते. दोन्ही आमच्याकडे आहेत! आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याला पत्रकाराचे ओळखपत्र लागत नाही. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन. उत्तर वेळेवर येतेच असे नव्हे. पण अपिलाची सोय कायद्यातच आहे, आणि अपिले करीत बसण्याइतकी चिकाटी पेन्शनरांखेरीज आणखी कुणाकडे असणार?

सध्या एका तरुण बातमीदाराशी माझी गट्टी जमली आहे. "असे समजते" हे शब्द मी लिहिले, की तो लगेच अडवतो : "काका, कोणाकडून समजते? त्याला कसे कळले? दुसऱ्या कोणी दुजोरा दिला का?" मग मी पुन्हा दोन फोन करतो. बदल्यात मी त्याला आमच्या भागाचा भूगोल शिकवतो. गेल्या पावसाळ्यात त्याने एक नाला रेल्वेच्या पूर्वेला लिहिला होता. संध्याकाळच्या आत मी तो पुन्हा पश्चिमेला आणून ठेवला.