गाडी घे, पण कागद आधी

गेल्या फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसासाठी परभणीला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर मामेभावानं मोबाईल माझ्यापुढे धरला. दहा टायरी ट्रकचा फोटो. २०१५ चं मॉडेल, साडेनऊ लाख, नांदेडची पार्टी. "भाई, लेऊं क्या?"

तो २७ वर्षांचा आहे. दहावीनंतर क्लीनर म्हणून गाडीवर चढला, आता हेवी लायसन्स आहे. मानवतच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी, गंगाखेडकडची साखर, सोयाबीन, जे मिळेल ते भरून दुसऱ्याची गाडी चालवतो. महिन्याला १८ हजार आणि वाटेतला भत्ता.

मी लगेच म्हणालो, "नको." पुण्यात बसून कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांचं हे ठरलेलं उत्तर आहे. तो शांतपणे म्हणाला, "मग काय करू, ते सांग." माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला आता इंजिनिअरिंगला तर पाठवता येत नाही.

नंतर लक्षात आलं, की आपलं हे 'नको' म्हणजे बऱ्याचदा आपलीच सुटका असते. एकदा नको म्हटलं की पुढे बसून कागद बघायला नको, हिशेब मांडायला नको, बँकेत सोबत जायला नको. उद्या गाडी बुडाली तर "मी सांगितलं होतं" म्हणायला मोकळे. सच्चर समितीनं २००६ मध्येच दाखवून दिलं होतं, की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे आणि रस्त्यावरची वाहतूक, गाड्यांची दुरुस्ती अशा धंद्यांत आपली माणसं भरपूर आहेत. बँकेचं कर्ज मात्र त्या प्रमाणात पोचत नाही, हेही त्याच अहवालात आहे. परभणीकराला हे सांगायला अहवाल लागत नाही. पाट्यांचं काम, वेल्डिंग, डेंटिंग, पंक्चर, कुठल्याही दुकानासमोर उभे राहा, आतून सलाम येतोच. या पोरांना रस्ता माहीत आहे, घाट माहीत आहेत, कोणत्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे बॅलन्स अडकतो हे माहीत आहे. तेच त्यांचं भांडवल आहे. कमी पडतं ते कागदाचं आणि हिशेबाचं काम, आणि ते नेमकं आपल्याला येतं.

हे मी कोरडेपणानं लिहीत नाही. आमचीही गाडी होती. अब्बांनी २००३ मध्ये दोन हात फिरलेली सहा टायरी घेतली. तिच्यावर घर चाललं, माझी कॉलेजची फी भरली गेली. २०११ मध्ये अब्बांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून विकली. शंभर रुपयांचा स्टॅम्प, नोटरी, दोन साक्षीदार, पैसे रोख. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घेणाऱ्याच्या हातात दिल्या. "आठवड्यात आरटीओत टाकतो," तो म्हणाला. तो कधी गेलाच नाही.

२०१३ मध्ये दुसऱ्या जिल्ह्यात त्या गाडीखाली एक मोटारसायकलस्वार गेला. गाडीचा विमा आठ महिन्यांपूर्वी संपलेला होता. समन्स आलं ते अब्बांच्या नावानं. अब्बा वकिलाला तोच स्टॅम्प पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. चार वर्षं तारखा झाल्या आणि शेवटी भरपाईचा बोजा त्यांच्यावरच आला. बहिणीच्या लग्नासाठी राखलेला प्लॉट गेला. गेलेल्या माणसाच्या मागे दोन लहान मुलं होती. त्यांना पैसे मिळायलाच हवे होते, यावर अब्बा कधी वाद घालत नाहीत. त्यांना सलतं ते वेगळंच. "एक दिन जाके खुद खडा रहता तो..." एवढंच म्हणतात आणि गप्प होतात.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलं. त्यातही गाडी अनेक हात फिरली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर होती. न्यायालय म्हणालं, अपघातात सापडलेल्या माणसानं गाडी कुणाकुणाला विकली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा करता येणार नाही. मला हा निकाल योग्य वाटतो, आमचा प्लॉट त्याच न्यायानं गेला असला तरी.

म्हणून विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्याची ही मुदत गाडीची नोंद त्याच राज्यातली असेल तेव्हाची. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी लागते. गाडीवर फायनान्स असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५. परमिट आपोआप सोबत येत नाही, ते वेगळं नावावर करावं लागतं. परमिट नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि मग तेच मालकाकडून वसूल करू शकते. हाही निकाल सर्वोच्च न्यायालयाचाच, २०१८ मधलाच.

सर्वांत धोक्याचा सौदा म्हणजे 'चालू हप्त्यावर' गाडी घेणं. कर्ज जुन्या मालकाच्या नावावर, आरसी त्याच्याच नावावर, हप्ते मात्र आपण भरायचे. शेवटचा हप्ता भरेपर्यंत गाडी आपली नाही, आणि तोवर त्या माणसाचं मन बदललं किंवा त्याचा इंतकाल झाला तर आपल्या हातात पावत्यांखेरीज काही नाही.

मामेभावाच्या फोटोतल्या गाडीचा नंबर मी परिवहनच्या साइटवर टाकला. फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा, परमिट, पीयूसी, बोजा कुणाचा, सगळं पाच मिनिटांत दिसतं. ई-चलन वेगळं बघायचं. हे घरातली कॉलेजला जाणारी कुठलीही बहीण करू शकते. आमच्याकडे मात्र गाडी बघायला आठ माणसं जातात, टायरला लाथ मारून बघतात, आणि नंबर कुणी तपासत नाही.

वयाचंही गणित आहे. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावं लागतं. सहा टायरी, म्हणजे दोन एक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. दहा टायरीसारख्या मल्टिएक्सलला ही मर्यादा १५ वर्षांची आहे. अकरा वर्षांची सहा टायरी कुणी 'एकदम स्वस्त' देत असेल तर स्वस्त का, हे यातच आलं. वर्षभरानं ती तेलंगणात भाडं घेऊन जाऊ शकणार नाही. आपल्याकडून नांदेडमार्गे हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरवर असताना हे परवडणारं नाही.

मग आम्ही दोघं रात्री हिशेबाला बसलो. तो म्हणाला, हैदराबादची एक फेरी झाली की डिझेल, टोल जाऊन "दस-बारा हजार बचतें". मी विचारलं, टायर कुठं धरलेस? त्यानं धरलेच नव्हते. कुणीच धरत नाही, कारण टायर रोज पैसे मागत नाहीत. दहा टायर, एकाचे १८ हजार धरले तर एक लाख ऐंशी हजार. ६० हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला तीन रुपये. म्हणजे जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या फेरीत २,१०० रुपयांचं रबर रस्त्यावर राहतं. रिमोल्ड करून थोडं वाचेल, पुढच्या चाकांना ते करू नये एवढं पाळलं म्हणजे झालं.

महिन्याला पाच हजार किलोमीटर धरले. टायर १५ हजार. विमा: २० ते ४० टनांच्या मालगाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ पासून ४३,९५० रुपये, वर जीएसटी, म्हणजे महिन्याला चारेक हजार. ऑइल, ग्रीसिंग, क्लच, लायनर यांना दहा हजार. ड्रायव्हरचा पगार १८ हजार. "पण ड्रायव्हर तर मीच," तो म्हणाला. मी म्हटलं, तरी धर. आज मिळतो तोच पगार गाडीनं दिला नाही, तर तू मालक कसला झालास? वर हप्ता २४ हजार. एकूण ७१ हजार. सातशे किलोमीटरच्या सात फेऱ्या, म्हणजे डिझेल आणि टोल जाऊन प्रत्येक फेरीला दहा हजारांहून जास्त उरले तरच गाडी स्वतःच्या पायावर उभी. त्याचे 'बचणारे' दहा-बारा हजार म्हणजे जवळजवळ शून्य होते. आणि हे इंजिन खोलायची वेळ न येता, परतीचं भाडं दर वेळी मिळालं तर.

हप्त्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्याला सहा लाखांचं कर्ज 'सव्वा टक्क्यानं' मिळणार होतं. महिना सव्वा म्हणजे वर्षाला १५ टक्के, असं तो समजत होता. पण हे फ्लॅट व्याज. पूर्ण सहा लाखांवर तीन वर्षं, म्हणजे दोन लाख सत्तर हजार, आणि हप्ता २४,१६७. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र मूळ रकमेवरच लागतं. स्प्रेडशीटमध्ये टाकलं तर खरा दर २६ टक्क्यांच्या आसपास निघाला. त्याचा चेहरा उतरला. व्याजाचा मसला ज्यानं त्यानं आपल्या ईमानानं सोडवावा, मी आलिम नाही. पण सूद नको म्हणून बँकेत न जाणारी माणसं याच फ्लॅट दरावर सही करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरा रस्ता शिरकतीचा. दोन-तीन नातेवाईक मिळून गाडी घेतात, आणि सगळं तोंडी. कुणाचे किती, नुकसान कसं वाटायचं, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी धरायची, काही लिहिलेलं नसतं. लिहू या म्हटलं तर "हमपे भरोसा नहीं क्या?" अशानं भाऊ-भाऊ दुरावलेली घरं मला माहीत आहेत. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरा बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं तिथं सांगितलंय. जुम्म्याच्या खुतब्यात मी यावर अजून काही ऐकलेलं नाही.

अब्बांची गाडी जी चार-पाच वर्षं नीट चालली, तेव्हा हिशेब अम्मी लिहायची. जुन्या डायरीत, उर्दूत. किती किलोमीटरला ऑइल बदललं, कोणता टायर कधी टाकला, कुणाकडे किती बॅलन्स. ती आजारी पडली आणि डायरी थांबली. दोन वर्षांत क्राऊन, मग पंप, मग हेड, अशी कामं एकामागून एक निघाली. ती सगळी एकदम आली नव्हती, आम्हाला ती एकदम कळली.

मशीनचं माझं ज्ञान यथातथाच. गाडी बघायला आपला मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत, चहावर भागवू नये. इंजिन थंड असताना चालू करायला लावायचं, ऑइलचं झाकण उघडून धूर बघायचा, चेसिसला कुठं वेल्डिंग आहे का ते बघायचं, चेसिस नंबरची पेन्सिलनं छाप घेऊन आरसीशी जुळवायची. आमचा मिस्त्री चालत्या इंजिनच्या आवाजावरून दोष सांगतो. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीपुढे तो हात टेकतो, कारण तिथं आधी लॅपटॉप लावावा लागतो. आता त्या गाड्याही सेकंडहँड बाजारात येत आहेत. त्याच्या मुलाला स्कॅनर शिकवायचं मी कबूल केलंय, अजून जमलेलं नाही.

नांदेडची गाडी बघायला आम्ही गेलो. गाडी बरी होती. साइटवर एका फायनान्सचा बोजा दिसत होता. मालक म्हणाला, कर्ज फिटलंय, एनओसी नंतर देतो, आता इसार द्या. मामेभावानं विचारलं, आरटीओत सोबत येणार का? "उसकी क्या जरूरत है," तो म्हणाला. आम्ही चहा पिऊन परत आलो. येताना बसमध्ये तो रुसल्यासारखा खिडकीबाहेर बघत होता.

परवा त्याचा मेसेज आला. जालन्याला एक गाडी आहे, २०१६ ची. या वेळी फोटोआधी नंबर पाठवला होता.