वसुली करा, पण आधी हिशेब दाखवा



सरकारने दिलेले पैसे सरकारच परत मागू लागले की गावात दोन गोष्टी घडतात. एक जण नोटीस घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवतो आणि घरातसुद्धा बोलत नाही. दुसरा कापसाची पहिली वेचणी विकून गुपचूप पैसे भरून येतो. का भरले ते त्यालाही ठाऊक नसते. दोघेही एकाच गोष्टीला भितात. चारचौघांत 'सरकारला फसवणारा' ठरण्याला.

फसवले कोणी, ते पाहू. पंतप्रधान किसान सन्मान निधी २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाला. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, आणि योजना लागू धरली ती मागच्या तारखेपासून, १ डिसेंबर २०१८ पासून. पैसे आधी वाटले, तपासणी मागून. आयकर भरणाऱ्यांची यादी लाभार्थ्यांच्या यादीशी ताडून पाहिल्यावर २०२० च्या अखेरीपासून आपल्या राज्यात तहसीलच्या नोटिसा निघू लागल्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत आकडा सांगितला : देशात ४२ लाखांहून अधिक अपात्र, सुमारे २,९९२ कोटी रुपये. त्यात महाराष्ट्राचे सुमारे ४ लाख ४५ हजार शेतकरी आणि ३५८ कोटी. भागाकार करून पाहा, माणशी आठ हजार येतात. म्हणजे चार हप्ते. चार हप्ते जाईपर्यंत यादी कोणी वाचली नव्हती.

हे लिहिताना आम्ही भिसेगावात आहोत. कर्जत स्टेशनला लागून असलेले हे रायगडचे गाव. कुठे ही भाताची खाचरे आणि कुठे आपली कपाशी-ज्वारीची कोरडवाहू रानं, असे तुम्ही म्हणाल. पण आयकराची अट नेमकी कुणाला लागते ते इथे लवकर कळते. पहाटेची लोकल धरून मुंबईला नोकरीला जायचे आणि पावसाळ्यात लावणीला रजा टाकायची, असे जगणारी घरे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. नुसत्या भातावर घर चालत नाही म्हणून नोकरी, आणि नोकरी आहे म्हणून शेतकरी नाही, असा हा न्याय आहे. दुसरे, शहरालगतची गुंठेवारी. शहराला चिकटलेली जमीन विकली तर त्या व्यवहारावर आयकर लागू शकतो. लेकीच्या लग्नासाठी एकदा तुकडा विकला की तो माणूस त्या एका वर्षापुरता 'आयकरदाता' होतो. पुढल्या वर्षी पुन्हा खाचरात चिखलणी करतोच.

आता अटी नीट वाचा, कारण नोटिसा काढणारे त्या वाचतातच असे नाही. अट आहे ती मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर *भरलेल्याची*. ट्रॅक्टरच्या किंवा पिकअपच्या कर्जासाठी बँकेने विवरणपत्र मागितले, ते भरले आणि कर शून्य निघाला, तर तो कर भरणारा नव्हे. कर एका वर्षी भरला म्हणून पहिल्या हप्त्यापासूनचे सगळे पैसे मागत असतील, तर कोणत्या वर्षाचे कोणते हप्ते, हे विचारलेच पाहिजे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. पुण्याच्या कंपनीत पगार घेणाऱ्या सज्ञान मुलाच्या आयकरापायी बापाचा हप्ता जात नाही. सरकारी नोकर अपात्र, पण चतुर्थ श्रेणीचा शिपाई पात्र. उलट बाजूही सांगतो. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळे हप्ते घेतले असतील, किंवा १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेल्या जमिनीवर नाव लावले असेल, तर ते नियमात बसत नाही. पगारदार अधिकारी, डॉक्टर, वकील यांनी सातबारा पुढे करून हप्ते उचलले असतील तर त्यांची वकिली हे पत्रक करणार नाही. त्यांनी पैसे भरावेत.

आमचे भांडण वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह खटल्यात सांगितले की सरकारने स्वतःच्या चुकीने वर्ग तीन आणि चारच्या नोकरांना जादा पगार दिला असेल तर तो मागाहून वसूल करता येणार नाही. निवृत्त झालेल्यांकडूनही नाही. पाच वर्षांहून अधिक काळ जादा पैसे दिले जात असतील तरीही नाही. कारण ज्याचे पोट त्यावर चालते त्याला ते खड्ड्यात घालते. निकाल नोकरांपुरता आहे, शेतकऱ्याला तो आपोआप लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. पण न्याय तोच आहे. कारकुनाला सरकारच्या चुकीची झळ बसू नये, आणि ज्याचे बोंड पावसात काळे पडले त्याला मात्र बसावी, हे कुठल्या शास्त्रात बसते?

२००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत काय झाले, आठवा. महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात दाखवले की तपासलेल्या खात्यांपैकी साडेआठ टक्के लाभार्थी पात्र नव्हते. त्याच अहवालात असेही आहे की नऊ राज्यांत तपासलेल्या, वगळल्या गेलेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ शेतकरी पात्र असूनही माफीपासून वंचित राहिले. कोल्हापुरात कर्जमर्यादेपेक्षा जास्त म्हणून सुमारे ११२ कोटींची माफी मागाहून अपात्र ठरवली, आणि शेतकरी, सेवा संस्था व जिल्हा बँक वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. गेलेले परत मागायला यंत्रणा धावली. राहिलेल्या १,२५७ जणांच्या दारी कोण गेले? जगाचा हिशेब ठेवणारी ओईसीडी ही संस्थाही २०१८ मध्ये म्हणाली की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारताच्या धोरणांनी शेतकऱ्याला त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के उणे पडले. घामाचे दाम बुडवून वर दोन हजारांचा हप्ता, आणि आता तोही परत!

तेव्हा नोटीस आली तर ती लपवू नका आणि घाबरून पैसेही भरू नका. नोटिशीवर कारण, वर्ष आणि हप्ते लिहिलेले आहेत का पाहा. पासबुकावर हप्ते खुणा करून मोजा. बँकेत न आलेले हप्तेही यादीत असू शकतात. मग लेखी उत्तर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी बोलण्याला कचेरीत किंमत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवण्याची धमकी असेल तर कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने, हे लिहून मागा. उत्तर नाही मिळाले तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत आहेच. पैसे खरोखर देणे लागत असाल तर सरकारी खात्यातच भरा, पावती घ्या, आणि सुगीपर्यंत हप्ते पाडून मागा. फोनवर ओटीपी विचारणाऱ्याला आणि 'नोटीस मिटवतो' म्हणणाऱ्या दलालाला एक छदामही देऊ नका.

मायबहिणींनीही सावध राहावे. जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेतही पैसे आधी आणि पडताळणी मागून, हेच २०२५ मध्ये झाले.

जिल्हा बैठकीत आपण मागणी मांडणार आहोत : चूक कचेरीची असेल, शेतकऱ्याने काही खोटे सांगितले नसेल, तर वसुली नाही, आणि अपात्रांच्या यादीबरोबरच पात्र असून वगळलेल्यांची यादीही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. ज्यांना नोटिसा आल्या आहेत त्यांनी नोटिशीची आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन यावे. हप्ता कधीच न मिळालेल्यांनी सातबारा घेऊन यावे. दोन्ही गठ्ठे कलेक्टरच्या टेबलावर एकदमच ठेवायचे आहेत.