उडत्या जोडीचा फोटो



राजस्थानात फलोदीजवळच्या खिचन गावी सप्टेंबर ते मार्च हजारो करकोचे मुक्कामाला असतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. आपल्या समाजाने तिथे चुग्गाघर उभारले आहे, रोज सकाळी ज्वारी टाकतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही गेलो. दाण्यासाठी पैसे दिले, पावती घेतली. मग तळ्यावर मीच नातवाला म्हटले, "जोडी उडताना टिप रे, हॉलमध्ये लावू." त्याने जोरात टाळ्या वाजवल्या. सगळा थवा उठला. फोटो झकास आला.

मी कॉमर्सवाली, हिशेब सुटत नाही. सकाळी दिलेले दाणे तासाभरात आपणच उडवून खर्ची पाडले, तर जमा काय झाले? आणि हा जीव हिमालय ओलांडून आलेला! "नुसते उडवले, मारले कुठे?" असे बरोबरच्या एक बाई म्हणाल्या. अहो, इरियावहियं रोज म्हणतो ना आपण? त्यात जीवाला घाबरवणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे, हेही मोजलेले आहे. आपण ते भरभर म्हणून टाकतो, एवढेच.

दुसऱ्या दिवशी नुसते बसून राहिलो. चुगून झाल्यावर ते आपणहून तळ्याकडे निघतात. मान पुढे ताणलेली, पाय मागे. बगळ्यासारखी मान दुमडत नाहीत. दोघे अगदी जवळ, आणि मागे यंदाचे पिल्लू. नातवाच्या फोटोत एकाचा पंख चौकटीबाहेर गेलाय. हॉलमध्ये तोच लावला आहे.