वाचनालयाला कुलूप आणि शिळ्या पावतीला मोकळे रान



२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या निम्म्या घरांत कापूस पडून होता. पलंगाखाली, माळ्यावर, एका घरी तर देवघरापर्यंत. अंगाला खाज सुटे, लेकरांना झोप येत नसे, पण विकायला कुणी तयार नव्हते. कारण मोबाइलवर एक पावती फिरत होती. क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर भाव मिळाल्याची. शिक्का होता, सही होती, तारखेच्या जागी मात्र कागदाची घडी आलेली. ती पावती आदल्या वर्षीची होती. २०२२ साली भाव खरोखरच दहा हजारांच्या वर गेला होता. २०२३ साली तो सात-आठ हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे पावती खोटी नव्हती, शिळी होती.

भाव का पडला हा वेगळा विषय. त्याचे सारे पाप मोबाइलच्या माथी मारण्याइतका मी भोळा नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. गावच्या वाचनालयात दोन्ही वर्षांच्या वर्तमानपत्रांच्या फायली सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या. दोन पाने उलटली असती तर पावतीचे वय कळले असते. वाचनालयाला कुलूप होते. मी त्या वाचनालयाच्या समितीवर आहे आणि किल्ली माझ्याच घरी खुंटीला लटकत होती. शिळी पावती घरोघर पोचली. खरा कागद टेबलावर वाट पाहत बसला.

आता कुणी म्हणेल, वाचनालयाने मोबाइलच्या भानगडीत कशाला पडायचे? पुस्तके द्यावीत, वर्तमानपत्रे मांडावीत, बस्स. या शहाण्यांना थोडा इतिहास सांगायला हवा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे काम उभे केले, त्यासाठी बॉर्डन नावाचा अमेरिकन जाणकार आणला. त्यांनी काय केले? नुसती शहरात इमारत बांधून ते थांबले नाहीत. पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठवल्या. १९३१ साली तमिळ मुलखात मन्नारगुडीच्या परिसरात पुस्तकांची बैलगाडी गावोगाव फिरली. त्याच वर्षी रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम छापले. त्यातला एक नियम आपल्या भाषेत सांगायचा तर असा, की प्रत्येक पुस्तकाला कुठेतरी वाचक असतो आणि त्याची गाठ घालून देणे हे ग्रंथालयाचे काम आहे. बैलगाडी ज्यांनी जुंपली त्यांच्या हाती मोबाइल असता तर त्यांनी तो खुंटीला टांगून ठेवला असता काय?

पैशाचे म्हणाल तर ते रडगाणे मलाही पाठ आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग. आमचे ड वर्गातले. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तेव्हा वर्षाच्या ३०,००० रुपयांचे ४८,००० झाले. महिन्याला ४,००० रुपये. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार. सालगड्याला याहून जास्त मिळतात. तरी मोबाइलवर निरोप धाडायला मंजुरी लागत नाही, प्रस्ताव लागत नाही, निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या ग्रंथपालाच्या खिशात मोबाइल आधीपासून आहेच.

तो वापरायचा कसा, यावर मात्र भल्याभल्यांची गाडी चुकते. तालुक्याच्या एका मोठ्या ग्रंथालयाचे फेसबुकचे पान मी पाहिले. पुढाऱ्याचा वाढदिवस, पुतळ्याला हार, उद्घाटनाचा नारळ, पुन्हा पुढाऱ्याचा वाढदिवस. पुस्तकाचे एकही चित्र नाही! हे ग्रंथालयाचे पान की सत्काराचा अल्बम?

याउलट स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटे घ्या. वस्ती बावीस हजारांच्या आसपास, बरेचसे गुरे पाळणारे शेतकरी. तिथल्या ग्रंथालयाने ट्विटरवर लिहायला सुरुवात केली. २०२३ पासून त्याला एक्स म्हणतात. लिहिणे कसे, तर ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसे. थट्टा, पुस्तकांची विचारपूस, शेजारच्या शेटलंडच्या ग्रंथालयाशी लुटुपुटीचे भांडण. बेटांवर जितकी माणसे नाहीत त्याच्या कितीतरी पट लोक ते वाचू लागले. परिपत्रकाच्या भाषेत लिहिले असते तर कुत्र्यानेही हुंगले नसते. पण त्यांचे पुस्तकांचे वाहनही बेटावर फिरत राहिले, हे विसरू नका. आपल्याला जगभराचे वाचक नकोत. गावातली तीनशे घरे पुरेत.

आम्ही गेल्या वर्षीपासून काय करतो ते सांगतो. रोज रात्री आठच्या सुमारास, वावरातून माणसे घरी आल्यावर, एकच निरोप. एखाद्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचे चित्र, खाली ग्रंथपालाच्या दोन ओळी. सबंध पुस्तकाचे फोटो काढून पाठवायचे नाहीत. तो लेखकाचा माल आहे, आणि आपल्या मालाला भाव मागणाऱ्यांनी दुसऱ्याचा माल फुकट वाटू नये. लेखक जाऊन साठ वर्षे झाली की मग मोकळीक. महात्मा फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचे. ते आम्ही आवाजात भरून रोज पाच मिनिटे पाठवतो. अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसेही ज्वारी निवडता निवडता ऐकतात. एकाने विचारले, हे कालच लिहिले काय?

दुसरे काम अवघड आहे. कुणाला फिरता निरोप आला आणि शंका वाटली की तो वाचनालयाकडे धाडायचा. ग्रंथपाल मूळ कागद शोधतो, सापडला तर त्याचे चित्र तारखेसह पाठवतो. नाही सापडला तर 'ठाऊक नाही' असे सरळ लिहितो. हे काम किरकोळ समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून जमावाने पाच माणसे ठार मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादेने निरोप हळू चालतो, खरा होत नाही. खरे-खोटे सांगणारे माणूस गावातच असावे लागते, ओळखीचे, आणि कुठल्या पक्षाचे नसलेले.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला सगळ्यांचा एकच गट केला. चार दिवसांत देवांची चित्रे, प्रचार, भांडणे. त्याहून वाईट म्हणजे गटातल्या बायकांचे नंबर साऱ्या गावाला दिसू लागले आणि दोघींना नको ते फोन आले. दोघीही गटातून निघून गेल्या, आणि चूक त्यांची नव्हती. मग आम्ही गट मोडून चॅनेल काढले. त्यात वाचनालयच लिहिते आणि वाचणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. शंका ज्याने त्याने ग्रंथपालाला वेगळी पाठवावी. वाचनालयाच्या बाकावर जन्मात न बसलेल्या लेकीसुना आता पुस्तकाचे नाव कळवतात आणि शाळेतून येताना पोरगे ते घेऊन जाते.

किती अंगठे पडले ते आम्ही मोजत नाही. देवघेवीची वही मोजतो. वहीत मागच्या पावसाळ्यात बायकांची नावे पहिल्यांदा पुरुषांच्या बरोबरीला आली. वेचणीच्या दिवसांत पुन्हा घसरली, ते साहजिकच आहे. आणि आणखी एक वही सुरू केली आहे. रोजचा कापसाचा आणि ज्वारीचा भाव, बाजाराचे नाव आणि तारीख घालून. मोबाइलमधला निरोप आठ दिवसांत बुडतो, वही राहते.

रिचार्जचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, असे हिशेबाच्या वेळी तपासणाऱ्याने विचारले. असे खाते नाही म्हणाला. आम्ही तो सुतळी आणि खिळ्यांबरोबर किरकोळमध्ये टाकला आहे. जिल्ह्याच्या बैठकीला येताना तुमच्या गावच्या वाचनालयाची किल्ली कुणाच्या खुंटीला आहे, तेवढे विचारून या.